भासऱ्यासमोर घेतलेला अंगठा

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हा मी तालुक्याच्या कचेरीबाहेर बसून लोकांचे दस्त लिहायचो. अक्षर माझं झकास होतं. अक्कल बेताचीच.

एकदा सुलतानपूरकडचा एक शेतकरी विधवा भावजयीला दमणीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, बसवून घेऊन आला. धाकटा भाऊ मरायच्या आधीच वाटणी करून वेगळा निघाला होता, म्हणून त्याच्या वाट्याचं वावर आता बाईचं. तिला लेकरू नाही, आणि खाणंपिणं याच्याच घरी. वावरावरची हक्कसोड लिहून द्यायची, म्हणाला. मी लिहिली. ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय’ हे शब्द माझा हात आपोआप लिहायचा, त्याला डोकं लागायचं नाही.

रजिस्ट्रारसाहेबांनी बाईला विचारलं, “समजलं का? कबूल आहे?”

बाई पाठमोरी, पदर पार हनुवटीपर्यंत. चकार शब्द नाही.

“आमच्यात भासऱ्यासमोर बाई बोलत नाही, साहेब,” तो शेतकरी म्हणाला. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, म्हणजे तोच. साहेब खूश झाले. काय घरंदाज बाई! माझी बायकोही माझ्या थोरल्या भावासमोर तोंड उघडायची नाही, तेव्हा मीही मान डोलावली. अंगठा उठला. साक्षीदार म्हणून माझी सही.

सहा महिन्यांनी ती एकटीच माझ्यापुढे येऊन उभी राहिली. आवाज ऐकला आणि दचकलोच, चांगला खणखणीत होता. भासऱ्यानं तिला गोठ्यात राहायला घातलं होतं. दस्त रद्द व्हावा म्हणून तिनं दावा लावला होता आणि मी साक्षीला यावं असं तिचं म्हणणं होतं.

“दमणीत बसवतानी म्हणे, अंगठा नाही देल्ला तं आजपासून घरात भाकर नाही. तुमाले मालूम होतं, म्या त्याच्यासमोर बोलत नाही. मंग त्याले बाहीर काऊन नाही पाठवलं?”

काय सांगणार, कपाळ! जेवायची वेळ टळून गेली होती आणि मला भूक लागली होती, खरं कारण एवढंच. ते काही तिला सांगितलं नाही. लाज मात्र वाटली, भयंकर वाटली.

कोर्टात माझी साक्ष झाली. भासऱ्याच्या वकिलानं विचारलं, “बाई नाही म्हणाल्या होत्या का?” मी म्हटलं, नाही. “मग झालं तर!” म्हणून तो बसला.

नंतर बाईला उभं केलं. भासरा समोरच्या बाकावर. जज्जसाहेबांनी दोनदा विचारलं, तिची मान खालीच. तो वकील गालात हसून राह्यला होता. माझं टाळकं सरकलं.

“साहेब, त्याले आधी बाहीर पाठवा ना!” मी बाकावरूनच ओरडलो. शिपाई माझ्या अंगावर धावून आला. जज्जसाहेबांनी क्षणभर भासऱ्याकडे पाहिलं. “तुमचे वकील आहेत इथं. तुम्ही बाहेर थांबा,” म्हणाले.

दार लागलं. बाईनं पदर मागं सारला.

“वावर माह्यं हाय. म्या कोणालेच देल्लं नाही.”