अक्कांनी काढलेला पाळणा

येलहंकाच्या जुन्या गावात मी घर शोधत होतो तेव्हा बायकोला जाऊन वर्षही झालं नव्हतं. पहिल्याच बाळंतपणात ती आणि मूल, दोन्ही गेली. निपाणीत राहवेना म्हणून मी इकडच्या एका कॉलेजात नोकरी धरली. नव्वदीची सुरुवात होती. येलहंका अजून बेंगळुरूत पुरतं मिसळलं नव्हतं. कॉलेजच्या मास्तरला मान होता, पण एकट्या पुरुषाला घर कुणी देत नव्हतं.

अक्का देवळामागच्या गल्लीत राहत. पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेले. मराठी घरापुरती उरलेली, तीही निम्मी कन्नड झालेली. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. मागच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या.

“एकट्या गड्याला घर देत नाही मी,” त्या दारातूनच म्हणाल्या. “आधीचे दोघे केर न काढता गेले, वर माझी कळशी घेऊन गेले. तुमचं कुटुंब कुठाय, मेष्ट्रे?” मास्तरला इकडे मेष्ट्रे म्हणतात.

“माहेरी गेलीय,” मी म्हणालो. “बाळंतपणाला.”

तिच्याबद्दल मला सांगता येण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

अक्कांनी किल्ली दिली. नव्या घरात चुलीवर दूध उतू घालायचं असतं, ते मात्र करू दिलं नाही. “ते ती आल्यावर. तिच्या हातानं.”

मग रोज संध्याकाळी विचारणं सुरू झालं. “कागद आला काय? पाय सुजलेत काय तिचे?” मी सांगत असे. डोहाळे, सूज, रात्री न लागणारी झोप, सगळं आदल्या वर्षीचं, आठवून आठवून. खोटं बोलतोय असं वाटतच नसे. उलट कॉलेज सुटलं की मला घरी यायची घाई होऊ लागली.

एका रविवारी अक्का अंगणात माळ्यावरून काढलेला पाळणा पुसत बसल्या होत्या. लाकडी, चारी कोपऱ्यांवर पोपट. त्यांच्या सासूने हौसेने करवलेला आणि कधीच न हललेला.

“मूल यायच्या आधी पाळणा काढू नये म्हणतात,” त्या हसून म्हणाल्या. “पण मी स्वल्प पुसून ठेवते. बांधत नाही, सरी ना? वाळवी लागल्यावर काय करायचं? तुम्हा पुरुषांना काय कळतंय त्यातलं.”

तो पाळणा मला रोज दारातून दिसू लागला. आठवडाभराने मी सांगून टाकलं, “अक्का, दोघंही गेली.”

ते खरंच होतं. केव्हा गेली, एवढं सांगितलं नाही.

अक्का भिंतीला टेकून खाली बसल्या आणि मोठ्याने रडू लागल्या. तिच्यासाठी असं कुणी रडलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मग माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, “मी पाळणा काढला, मेष्ट्रे. ठाऊक असून काढला. कशाला हात लावला मी त्याला!”

एक वाक्य पुरलं असतं: ती गेली तेव्हा तुमचा पाळणा माळ्यावरच होता. पण मग मी खोटारडा ठरलो असतो, आणि पुन्हा दारोदार घर विचारत हिंडण्याचं बळ माझ्यात नव्हतं. मी म्हणालो, “असू द्या, अक्का. तुम्ही मुद्दाम केलं नाही.”

म्हणजे मी त्यांना क्षमा केली.

दुसऱ्या दिवशी पाळणा फोडून त्यांनी बंबात घातला, पोपटांसकट. रोजच्यासारखी माझ्यासाठी पाण्याची बादली दाराशी ठेवली. मी त्या पाण्याने आंघोळ केली.

पुढे कधी त्या कुणाच्या बारशाला गेल्या नाहीत. गल्लीतून एखादी गरोदर बाई येताना दिसली की उठून आत जात. मी त्या खोल्यांत बरीच वर्षं राहिलो. दूध कधी उतू घातलं गेलं नाही. शेवटच्या आजारपणात मी उशाशी होतो, तेव्हाही त्यांनी विचारलं, “मनात राग नाही ना माझ्यावर?”

“नाही,” मी म्हणालो. तेव्हाही एवढंच म्हणालो.