दुसऱ्याच्या चुलीवरचा सण

चांगली पुरणपोळी करता येणं हा शाप आहे, हे मी कुठल्याही लग्नाळू मुलीला छातीठोकपणे सांगेन. पुरावा आमच्या घरातच आहे. आमच्या थोरल्या जाऊबाई.

त्या कन्नडजवळच्या शेतावर राहतात आणि आम्ही दोघं नवराबायको शहरात, गुलमंडीच्या मागच्या गल्लीत. नोकऱ्या शहरात असल्या तरी सण सगळे गावी व्हायचे. आम्ही बसमधून पाहुण्यासारखे उतरायचो, तेव्हा जाऊबाई चुलीपुढं असायच्या. परत निघायचो तेव्हाही तिथंच. मोठे दीर ऐन तारुण्यात गेले. तेव्हापासून हळदीकुंकवाला पुढं बसायचं नाही आणि मागचं सगळं मात्र यांनीच रांधायचं, अशी गावानं वाटणी करून टाकली होती. मला या वाटणीचा भयंकर संताप यायचा. मला संताप लवकर येतो, पण या बाबतीत तो उशिराच आला, असं मी म्हणेन.

एका वर्षी महालक्ष्म्या उठल्या, पंगती आटोपल्या आणि आम्ही दोघी ओसरीवर पाय पसरून बसलो. त्यांच्या हाताला पिठाचे पापुद्रे धरले होते. ते खरवडत त्या म्हणाल्या, "एक सण असा बघायचाय मला, की ज्याची चूल माझ्याकडं नाय."

मी म्हटलं, "मग दिवाळीला तुमच्या भावाकडं जा."

"गेले नव्हते व्हय? भावजय म्हणली, वन्सं आल्यात, आता पोळ्या वन्संच करतील. सगळ्या नात्यागोत्यात ही बोंब झाली गं. जिथं जाईन तिथं पोळपाट पुढं येतो."

त्यात खोटं काही नव्हतं. आमच्याच घरी रामनवमीला आल्या होत्या, तर शेजारीण पुरण घेऊनच हजर झाली होती. मग मीच बोलून गेले, "अशा मुलखात जाऊ, जिथं तुमची पोळी कुणी खाल्लेली नाही."

गंमत म्हणून बोलले ते माझ्या नवऱ्यानं मनावर घेतलं. तो नुकताच रिटायर झाला होता आणि वहिनीनं त्याला लहानाचा मोठा केला होता. कोणकोणत्या देशात कोणकोणते सण असतात याची त्यानं वाचनालयात बसून चौकशी केली, मासिकांतली चित्रं झेरॉक्स करून आणली, आणि शेताची कामं संपल्यावर आम्ही निवड करायला बसलो. निवड म्हणजे काय, जाऊबाईंचा दरबारच भरला.

एका देशात लोक एकमेकांवर टमाटे फेकतात. त्या म्हणाल्या, "भाव पडला की आपले लोक बी फेकतेत. त्याला इमानात कशाला बसाया पाहिजे?" दुसरीकडं गल्लीतून बैल सोडतात आणि माणसं पुढं पळतात. त्यावर त्या खरंच रागावल्या. सणाच्या दिवशी बैलाला गोड घास द्यायचा सोडून असं बिथरवतात, त्यांच्या दारात पाऊल ठेवणार नाही म्हणाल्या. मग रंगीत पिसं लावून नाचणाऱ्या बायांचं चित्र निघालं. ते माझ्या नवऱ्यानं जरा जास्तच वेळ हातात धरलं होतं. जाऊबाईंनी नीट बघून विचारलं, "थंडी नाय का वाजत लेकरांना?" एका देशात मेलेल्या माणसांसाठी घरोघर ताटं मांडतात, हे ऐकून त्यांनी हातच जोडले. "म्हंजे सर्वपित्रीच की. मला सैपाक बघायला न्यायलास का भावजी?"

शेवटी थायलंड निघालं. तिथं एप्रिलमध्ये नव्या वर्षाला सगळं गाव एकमेकांवर पाणी उडवतं आणि तरण्या लोकांनी म्हाताऱ्यांना मान द्यायचा असतो. त्या दिवसांत गहू घरात आलेला असतो, रान रिकामं असतं. जाऊबाईंनी मान डोलावली, आणि आमच्याकडं मान डोलावली म्हणजे ठरलं.

औरंगपुऱ्यात एका जिन्यावर प्रवासाच्या तिकिटांचं छोटं ऑफिस होतं. तिथला माणूस मुंबईच्या बसगाड्या आणि मक्केला उमऱ्याच्या यात्रेला जाणाऱ्यांची तिकिटं करायचा. थायलंडची त्याची पहिलीच वेळ. त्यानं रंगीत पुस्तिका काढली. त्यात गेल्या वर्षीच्या सणाची तारीख होती, तेरा एप्रिल.

"म्हंजे यंदा दोन तारीख," जाऊबाई म्हणाल्या. "नवं वरीस म्हंजे त्यांचा पाडवाच. आपला पाडवा यंदा अकरा दिवस अलीकडं आला, तर त्यांचा बी येणार. अधिक महिना यंदा नाय."

आमच्या घरात तिथीवारात त्यांचा शब्द शेवटचा. कुठलं व्रत कधी, हे कॅलेंडरला विचारायच्या आधी लोक त्यांना विचारतात. तरी मी ऑफिसवाल्याकडं बघितलं. त्यानं हसून मान हलवली. "हौ खाला, सही बोल रे. हमारी ईद बी हर साल दस-ग्यारा दिन पहलेच आ जाती. त्योहार है तो सरकताच."

आमच्या शहराचे दोन्ही चंद्र एका मताचे निघाले, मग शंका कोण घेणार? एक तारखेची जायची आणि सात तारखेची परतीची तिकिटं झाली. गुलमंडीत आम्ही जाऊबाईंसाठी पटकन वाळणारी नऊवारी शोधली. दुकानदारानं विचारलं, कुठल्या तीर्थाला? त्या म्हणाल्या, "भिजायला चालले." विमानात त्या खिडकीशी बसल्या, ढगांकडं टक लावून बघत राहिल्या आणि जेवणाचा ट्रे आला तेव्हा मला हळूच म्हणाल्या, "बसल्या जागी आलं गं."

आम्ही थायलंडातल्या चिआंग माईला पोचलो. रस्ते कोरडे ठणठणीत. लोक कामावर चाललेले. आमची उतरायची जागा म्हणजे एका बाईचं घरच होतं. वर चार खोल्या भाड्याच्या, खाली ती, तिचा मुलगा आणि सून. सुनेला थोडं इंग्रजी येत होतं. मी विचारलं, सण कुठं आहे? तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. तेरा एप्रिल. दरवर्षी तेराच. आणि सणाचं नाव सांगितलं, सोंगक्रान.

जाऊबाईंनी ते नाव तोंडातल्या तोंडात घोळवलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, ही तर संक्रांत. संक्रांत कुठं सरकती का कधी?"

मी भडकले. ऑफिसवाल्याला, नवऱ्याला, दोन्ही चंद्रांना, जे आठवेल त्याला बोलले. इतक्या लांब येऊन या बाईला सण दिसणार नाही, आणि पुन्हा तिला गावाबाहेर कोण काढणार, या विचारानं मला रडूच येत होतं. जाऊबाई मात्र पायरीवर बसून हसत होत्या. पदर तोंडात धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग माझा नवरा कोपऱ्यावरच्या दुकानातून प्लॅस्टिकची बंदूक भरून घेऊन आला आणि त्यानं आम्हा दोघींना भर रस्त्यात चिंब केलं. नऊवारी खरंच पटकन वाळली.

दुसऱ्या दिवसापासून मला वेगळीच धास्ती लागली. सण लांब होता, पण घरात सणाची तयारी सुरू झाली होती. पडदे धुतले जात होते, मूर्ती घासून पुसून उन्हात ठेवल्या होत्या, केळीची पानं पुसली जात होती. मालकीण खाली बसून नारळ खवत होती. सैपाकघराच्या दाराशी वेताची खुर्ची होती, तिच्यात जाऊबाई बसलेल्या. खवणीचा आवाज सुरू झाला आणि त्यांची बोटं हलायला लागली. मला वाटलं, आता उठतात. झालं, इथंही पोळपाट पुढं येणार.

मी म्हटलं, "बाई, उठू नका."

त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "उठत नाय. पाव्हणी हाय मी."

आणि त्या बसून राहिल्या. चार दिवस. भात नारळाच्या दुधात कसा शिजवतात, पानाची घडी कशी घालतात, सगळं निरखत होत्या. मालकिणीनं चाखायला काही दिलं की खात होत्या, आणि गोड कमी झालं तर हातानं खूण करून सांगतही होत्या. असा टेचात बसलेला माणूस मी आमच्या घरात बघितला नव्हता. मला इतका आनंद होत होता, की फिरायला जायचंही सुचलं नाही. देवळं नवरा एकटाच बघून आला.

निघायच्या सकाळी मी सुनेला आमची सगळी कथा सांगितली. आम्ही का आलो, तारीख कशी चुकली, आणि या बाईंनी आजवर काय काय रांधलं. तिनं सासूला तिच्या भाषेत सांगितलं. मालकीण आत गेली आणि चांदीच्या वाडग्यात पाणी घेऊन आली, वर मोगऱ्याच्या कळ्या तरंगत होत्या. सुनेनं समजावलं, हे खरं तेरा तारखेला करतात. घरातल्या वडीलधाऱ्याच्या हातांवर पाणी घालायचं आणि आशीर्वाद मागायचा.

जाऊबाई खुर्चीतच होत्या. मालकीण त्यांच्यापुढं गुडघ्यावर बसली. जाऊबाईंनी हात पुढं केले, तव्याच्या डागांचे, काळवंडलेल्या नखांचे, आणि तिनं त्या हातांवर पाणी धरलं. कुणाच्याही सणात या बाईचा कुणी मान केल्याचं मला आठवत नाही. मी रडले, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

मग मालकीण मान वाकवून थांबली. जाऊबाईंनी ओला हात तिच्या डोक्यावर ठेवला. "औक्षवंत हो," त्या म्हणाल्या, आणि जरा विचार करून पुढं म्हणाल्या, "अन् सणाला बसत जा गं बाई, जराशीक."

सुनेनं माझ्याकडं बघितलं. मी इंग्रजीत सांगितलं, तिनं सासूला सांगितलं. आत चुलीवर काहीतरी उकळत होतं, त्याचा वास येत होता. मालकिणीनं एकदा तिकडं बघितलं, मग वाडगा खाली ठेवला, दुसरी खुर्ची ओढली आणि जाऊबाईंच्या शेजारी येऊन बसली.