होडीला पाजलेलं पाणी

आबांच्या जुन्या होडीचा विमा काढून द्यायचं मी कबूल केलं, तेव्हा ते एका दिवसाचं काम वाटलं होतं. परळीच्या पहिल्याच कचेरीतला माणूस हसला. "बीड जिल्ह्यात होडी? मॅडम, ट्रॅक्टर म्हणायचंय का?" तेलगावाकडे धरणाच्या फुगवट्यानं आमच्या शेताचे दोन तुकडे केलेत आणि पलीकडचा तुकडा शिडाच्या होडीशिवाय गाठता येत नाही, हे सांगता सांगता माझा पारा चढला. दुसऱ्या कचेरीत हसले नाहीत. होडीचं वय विचारलं आणि चहा पाजून वाटेला लावलं.

आदल्या उन्हाळ्यात वळवाच्या वादळानं शेजाऱ्याची होडी खडकावर फोडली होती, त्याची पलीकडची जमीन पडीक राहिली. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तीच धास्ती होती.

शेवटी एक कंपनी तयार झाली, पण अट घातली. वादळाचे महिने सरेपर्यंत होडी पाण्याबाहेर ठेवायची. आबांनी मान डोलावली आणि गडी लावून होडी काठावर ओढली.

अट घालणाऱ्यानं समुद्र पाहिला असेल, आमचा वैशाख पाहिला नव्हता. उन्हात लाकूड आटतं. आठवडाभरात फळ्यांच्या सांधीतून बोट जाऊ लागलं. आबांनी होडीवर गोणपाटं घातली आणि आम्ही त्यांवर पाणी ओतू लागलो. धरण तोवर पार आत सरकलं होतं, मध्ये गुडघाभर चिखल. मग होडीवर टँकरचं पाणी पडू लागलं, म्हणजे आमच्याच वाट्याचं. गावाला विषय मिळाला. "माणसाला प्यायला न्हाई, अन् तुमी होडीला पाजता व्हय?" मलाही हसू यायचं. आबा स्वतःच्या आंघोळीचं पाणी तिकडे नेतात हे कळलं आणि ते हसू गेलं.

एक दिवस माय म्हणाली, "म्हशीच्या वाटचं पाणी बी आता त्या लाकडाला जायलंय. मला बघवंना."

आबांनी सकाळी पुन्हा गडी बोलावले आणि होडी चिखलातून पाण्याकडे ओढायला लावली.

"अन् विम्याचं काय?" मी ओरडले.

"ऱ्हाऊ दे. लाकूड मरायलंय."

होडी आधी पाण्यानं भरून बसली. मग फळ्या फुगल्या, सांधी मिटल्या. आबांनी पाणी उपसलं, शीड चढवलं. कितीतरी दिवसांनी मी त्यांना गुणगुणताना ऐकलं.

त्याच आठवड्यात वळीव आला, गारांसकट. दुसऱ्या दिवशी काठाला नुसत्या फळ्या लागल्या होत्या.

कंपनीचा माणूस पाहणीला आला. भला होता. त्यानंच सुचवलं, "वाऱ्यानं काठावरनं उडाली असेल, नाही का?" मायनं पदर तोंडाला लावला. मी आबांकडे डोळे वटारून पाहिलं.

"न्हाई सायेब," आबा म्हणाले. "पाण्यात हुती. म्याच सोडली."

तो गेल्यावर मी त्यांच्यावर तुटून पडले. एवढा सत्यवादीपणा कुणी मागितला होता? एक 'हो' म्हटलं असतं तर नवी होडी आली असती.

"लई साल वागवलं तिनं मला," ते म्हणाले. "तिचं मरान तरी खोटं कावून सांगू?"

यंदा पलीकडे काही पेरलं नाही. काठावर उभं राहिलं की ते काळं रान समोर दिसतं. आबा रोज जाऊन बघतात. माझा राग अजून गेलेला नाही, पण त्या वेळी त्यांच्या तोंडाकडे मला बघवत नाही.