नवव्या दिवसाचा ताप

नवागामच्या आमच्या गल्लीत माझ्या सासऱ्यांना, हिलाल आबांना, सगळे खडूवाले म्हणायचे. कापडाच्या कारखान्यात दोघांचा लूम, म्हणजे माग, एकच; दिवसपाळी आबांची, रातपाळी समोरच्या खोलीतल्या दगाभाऊंची. कापडाचा ताका उतरला की टेबलावर तपासणी व्हायची आणि खोट निघाली की ती ज्याच्या पाळीत ताका उतरला त्याच्या माथी. खोट विणली गेली कधी, हे कोण बघतंय? आबांच्या कितीतरी चुका बिचाऱ्या दगाभाऊंनी निस्तरल्या. आबांना ते खपेना. मग पाळी संपली की ते कापडाच्या काठावर निळ्या खडूची रेघ ओढायला लागले. इथपर्यंतचं पाप माझं, म्हणायचे.

शहाण्णव सालच्या मार्चमध्ये नर्सबेन गोवराची सुई द्यायला गल्लीत आल्या. दगाभाऊंच्या चैतालीला बुधवारी सुई दिली, शुक्रवारी ताप भरला, सोमवारी अंगभर गोवर. सुईपासून बाराव्या दिवशी पोर गेली. दीड वर्षाची होती. माझ्या कडेवर बसून अर्धी गल्ली फिरलेली.

सुईनेच मारलं, असा गल्लीने निकाल लावून टाकला. शेजारची प्रमिलाबाई दारोदार सांगत सुटली की आता बेन आली तर कोणी दार उघडायचं नाही. माझा राकेश नुकताच नऊ महिन्यांचा झालेला, त्याची सुई येत्या बुधवारी. खोटं कशाला बोलू, मीही दाराला आतून कडी घालायचं ठरवलं होतं.

आबा कामावरून सुटले ते थेट नर्सबेनकडे गेले. परत आले आणि मला विचारलं, "गोवर अंगात शिरला की दहा-बारा दिवस गप बसतो, मग दिसतो. सुईच्या दहा दिवस आधी चैताली कुठे होती?"

मला माहीत होतं. दगाभाऊंसोबत नंदुरबारकडे, लग्नात. तिथल्या दोन पोरांना गोवर निघाल्याचं मागून कळलं होतं.

"म्हणजे खोट दिसली या पाळीत," आबा म्हणाले, "धागा तुटला तो लग्नात."

"मग सांगा ना गल्लीला."

आबा भडकले. "आणि दगाला काय सांगू? पोरीला तूच नेलंस म्हणून? तोंडातून अवाक्षर काढू नकोस." चिडले की ते अहिराणीवर यायचे. "मन्हा नातूले सुई टोची लेसू. जो बोलस त्याले बोलू दे."

बुधवारी गल्लीची सगळी दारं बंद. आबांनी पाळी बुडवली, राकेशला खांद्यावर घेतलं आणि भर गल्लीतून नर्सबेनकडे निघाले. प्रमिलाबाई खिडकीतून म्हणाली, "उद्या काही झालं तर आमच्या दारात रडत येऊ नका."

"नाही येणार. मला माझं दार आहे."

सुई दिल्यावर बेनने बजावलं, आठ-दहा दिवसांनी थोडा ताप येईल, घाबरू नका. आबांनी दारावर खडूने रोज एक रेघ ओढली. नऊ रेघा झाल्या आणि राकेशचं अंग तापलं. कुठून कळलं देव जाणे, प्रमिलाबाई दारात हजर, मागे निम्मी गल्ली.

"झालं समाधान?" ती म्हणाली.

"हा ताप सुईचाच," आबा म्हणाले. "बेनने सांगून ठेवला होता, सांगितल्या वेळेला आला. जे सुईचं ते सुईच्या माथी. जे तिचं नाही, ते मी घालू देणार नाही."

गर्दीच्या मागे दगाभाऊ उभे होते. ते मागच्या मागे निघून गेले.

दोन दिवसांनी ताप उतरला. संध्याकाळी दगाभाऊ आमच्या उंबऱ्यावर येऊन बसले. "हिलालभाऊ, लग्नातल्या त्या पोरांच्या अंगावरचं पुरळ मी बघितलं होतं. तरी तिला त्यांच्यात खेळू दिलं. सुईने नेली म्हटलं की जरा झोप लागते."

आबा त्यांच्याजवळ खाली बसले. "माझ्या चुका तू किती वर्षं अंगावर घेतल्यास. ही तुझी नाही, दगा. लेक लग्नात खेळली, एवढंच झालं." मग दोघंही रडले. मी राकेशला घेऊन आत गेले.

पुढच्या बुधवारी नर्सबेन गल्लीत आल्या तेव्हा त्यांच्या पुढे दगाभाऊ चालत होते, एकेक दार ठोठावत. पहिलं प्रमिलाबाईचं.