शालनच्या एक्कावन्न पायऱ्या

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या मुलानं, अभयनं, दोन हजार बारा सालात हे वाक्य मला इतक्या वेळा ऐकवलं की जणू लिफ्ट मीच चोरून नेली होती. पुण्यात मंगळवार पेठ आणि कसबा पेठ जिथं एकमेकींना चिकटतात, तिथं तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. पायऱ्या एक्कावन्न, त्याही उभ्या. घर माझ्या बायकोच्या, शालनच्या नावावर. महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होती ती. घर तिनं स्वतःच्या पगारावर घेतलं. मी स्वारगेटला पीएमटीच्या बस-वर्कशॉपमध्ये फिटर होतो. माझ्या पगारात किराणा आणि माझ्या तापटपणाचे दंड, एवढंच भागायचं.

सत्तावीस वर्षं शालननं कसब्यातले जिने झिजवले. लाकडी जिने, दगडी जिने, दोराला धरून चढायचे अंधारे जिने. बाळंतिणी, लसी, पुढं पोलिओचे डोस, सगळं पायी. नोकरीच्या सुरुवातीला एका घरी म्हातारबुवांनी तिला जिन्यातच अडवलं आणि आडनाव विचारलं. ते का विचारत होते हे तिला न कळायला ती काही खुळी नव्हती. ही म्हणाली, "बाळ आडवं आलंय. आधी ते बघू, की माझं आडनाव सांगत बसू?" म्हातारबुवा बाजूला झाले. पुढं त्याच घरच्या बायका गल्लीच्या तोंडाशी तिची वाट बघत उभ्या राहायच्या. हे मी सगळ्यांना सांगतो. ती ओरडते, तरी सांगतो. का नाही सांगायचं?

पण जिन्यांनी व्हायचं तेच केलं. रिटायर झाली तेव्हा ती अंग तिरकं करून एकेक पायरी चढायची. नंतर नंतर तर पुढच्या पायरीवर हात टेकून. उजवा गुडघा अगदीच गेला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, बदलून टाकू. अभय आयटीतला माणूस, त्यानं सगळं आधीच ठरवून ठेवलेलं. ऑपरेशननंतर मुक्काम शहराच्या टोकाला, मांजरीला, त्याच्या फ्लॅटवर. तिथं लिफ्ट, उंच कमोड, सगळी सोय. आणि पेठेतल्या घराला त्यानं गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं.

"आई, तू तिथं परत चढून जाणार आहेस का? बी प्रॅक्टिकल," तो म्हणाला. वाईट मनानं नव्हे. आईच्या पायाचं त्याला खरंच वाईट वाटायचं.

शालननं त्याच्याकडं पाहिलं. "दसऱ्यापर्यंत, आपल्या अशोक विजयादशमीपर्यंत थांब. त्या दिवशी मला आपल्या जिन्याशी घेऊन चल. कुणाचा हात न धरता जमला, तर घर राहील. नाही जमला, तर कागद आण, सही करते."

 ही बाई शब्द फिरवत नाही. नाही जमलं तर खरोखर सही करणार, आणि नंतर त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. उरलेलं आयुष्य लेकाच्या बाल्कनीत बसून उसाच्या शेतात उभ्या राहणाऱ्या नव्या इमारती मोजणार.

जुलैच्या शेवटी ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिली. मांजरीला आणल्यावर एक दिवसाआड व्यायाम करून घ्यायला नीरजा यायला लागली. फिजिओथेरपिस्ट. सव्वीस-सत्तावीसची असेल, स्कूटीवरून यायची. अंगानं काडी, पण आवाज आमच्या डेपो मॅनेजरचा. "काकू, रडायचं तर रडा, पण गुडघा वाकवा." ती नसेल तेव्हा दिवसातून चार वेळा व्यायाम करून घ्यायचं काम माझ्याकडं. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा मोकळा सोडायचा, म्हणजे पाय सरळ होतो. गुडघ्याखाली काहीही ठेवायचं नाही, हे तिनं दोनदा बजावलं.

आणि इथं मी माझं शहाणपण पाजळलं.

तीस वर्षं मी बसची इंजिनं बांधली. इंजिन नव्यानं बांधलं की पहिले हजार किलोमीटर त्याला दामटायचं नाही, लोड द्यायचा नाही, हळूहळू चालवायचं. रनिंग-इन म्हणतात त्याला. नवा पार्ट नव्या पार्टशी आधी ओळख करून घेतो. मी म्हटलं, गुडघ्याचंही तेच असणार. ही कालची पोरगी, हिला मशीन काय कळणार? दिवसातून चार वेळांचा व्यायाम मी दोनवर आणला. दर वेळी दहादा वाकवायचं, ते पाचदा. शालन कळवळली की "राहू दे, राहू दे" म्हणायचो, आणि गुडघ्याखाली छान मऊ उशी सरकवायचो. तिला बरं वाटायचं. मला तर फारच बरं वाटायचं. नीरजा यायच्या आधी उशी कपाटात.

ऑगस्टच्या शेवटी डॉक्टरांनी पाहिलं. गुडघा नव्वद अंशांच्या पुढं वाकायला हवा होता, तो पासष्टला अडला होता. आणि पूर्ण सरळही होत नव्हता. "तीन आठवडे देतो," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर भूल देऊन आम्हालाच जोर लावून वाकवावा लागेल." मग दसरा कसला आणि जिना कसला!

दुसऱ्या दिवशी नीरजा न सांगता, ठरलेल्या वेळेच्या आधी आली. उशी जागेवरच होती.

"काका, ही कुणी ठेवली?"

मी तिला रनिंग-इन समजावलं. ऐटीत समजावलं, हेही सांगतो, लपवत नाही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "काका, चांगली चालती बस दोन महिने डेपोत उभी ठेवली तर काय होतं?"

"ब्रेक जाम होतात."

"मग?"

 स्वारगेटच्या डेपोत भल्याभल्या इंजिनियरांना मी गप्प केलं होतं. या पोरीनं मला माझ्याच धंद्यातला एक प्रश्न विचारला आणि संपवलं. माझ्या मायेपायी माझ्या बायकोचं घर जाणार होतं. मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला बोलू.

तेव्हा शालन म्हणाली, "त्यांना एकट्याला बोलू नकोस गं. मी नर्स आहे. उशी ठेवायची नसते हे मला कळत नव्हतं होय? पण दुखायचं, म्हणून गप्प बसले. आयुष्यभर बायकांना लपवाछपवीवरून झापलं, आणि स्वतः तेच केलं." मग पदर खोचून पाय पुढं केला. "चल, वाकव. मी ओरडले तरी थांबायचं नाही. आणि अहो, तुम्ही कुठं निघालात? इथं बसा. मोजा."

मी बसलो आणि मोजलं. पुढचे तीन आठवडे कसे गेले ते मला विचारू नका. टॉवेल पायात अडकवून ती स्वतःच ओढायची, कपाळावर घाम, ओठ दातांखाली. नीरजा प्लॅस्टिकची पट्टी लावून कोन मोजायची. अठ्ठ्याहत्तर. शहाऐंशी. एक दिवस परत ऐंशी, त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही. मग पंच्याण्णव. डॉक्टरांच्या पुढं गेलो तेव्हा एकशेचार. भूल टळली.

मग जिना. मांजरीच्या त्या बिल्डिंगचा जिना कुणी वापरतच नव्हतं. कानात वायरी घातलेली तरणीताठी पोरं पहिल्या मजल्यासाठी लिफ्टची वाट बघत उभी, आणि बासष्ट वर्षांची ही बाई त्यांच्या शेजारून जिन्यानं वर. नीरजाचा नियम साधा होता: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. शालन तो पुटपुटत चढायची.

विजयादशमीला सकाळी विहारात वंदना झाली आणि आम्ही पेठेत आलो. शालन पांढऱ्या साडीत. अभय होता, सुट्टी असून नीरजाही आली होती. शालननं एका हातानं कठडा धरला आणि चढायला लागली. आम्ही तिघं मागं. पहिला मजला. दुसरा मजला. तिथं ती थांबली, श्वास लागला होता. माझा हात आपोआप पुढं झाला.

"हात खिशात घाला," ती मागं न बघता म्हणाली.

घातले. एक्कावन्नावी पायरी चढून ती आमच्या दारासमोर उभी राहिली. अभयनं टाळ्या वाजवल्या. "आई, जिंकलीस!"

"कसली जिंकले? अर्धंच झालंय." ती वळली. "चढलेल्या पुष्कळ बघितल्यात मी. या पेठेत वरच्या मजल्यांवर कितीतरी म्हाताऱ्या होत्या. एकदा चढल्या, पुन्हा उतरता येईना, म्हणून दहा-दहा वर्षं खिडकीशी बसून. मी त्यांना बीपीच्या गोळ्या द्यायला जायचे. शेवटी उतरल्या त्या चौघांच्या खांद्यावरून. तसलं घर मला नको. त्यापेक्षा विकून टाक."

 अभय आणि नीरजा तिच्या पुढं दोन पायऱ्या खाली जाऊन उभे राहिले. शालननं उजवा पाय खाली टाकला. मग डावा. उतरणं चढण्याहून अवघड असतं हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या मजल्याखाली जिना वळतो, तिथं पायरी चिंचोळी होते. तिचा पाय थरथरला. अभय झेप घेऊन तिच्यासमोर आला, दोन्ही हात पसरून.

"बाजूला हो, अभय. मला पायरी दिसत नाही."

पोरगं भिंतीला चिकटलं. ती त्याच्या शेजारून गेली. उजवा, डावा. उजवा, डावा. मी पायऱ्या मोजत होतो, पण मध्येच चुकलो. माझी बायको उतरत होती आणि माझी छाती फुटायची वेळ आली होती. खाली रस्त्यावर पाय टेकवून ती उभी राहिली आणि पदरानं तोंड पुसलं.

अभयनं चष्मा काढून डोळे पुसले, खिशातून मोबाईल काढला आणि त्या गिऱ्हाइकाला फोन लावला.

"हॅलो, मी अभय. हो, ते पेठेतल्या घराचं... नाही, विकायचं नाही आता. नाही हो, किमतीचा प्रश्न नाही. तिथं आई राहते."