पृष्ठ दोनशे चाळीसचा लाडू

कान्हे गावच्या हौशीरामभाऊंना पदार्थविज्ञानातलं काय कळत होतं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: माझ्यापेक्षा थोडं कमी. तरी माझ्या प्रबंधात त्यांचा वाटा माझ्या मार्गदर्शकांपेक्षा मोठा. मार्गदर्शकांनी दोन वर्षांत मला तीन पत्रं लिहिली, त्यांतली दोन नुसती तब्येतीची चौकशी करणारी होती.

सन अडतीसच्या सुमाराला मी लोणावळ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि एम.एस्सी.साठी धुक्यावर संशोधन करत होतो. धुक्यात दिव्याचा उजेड कसा विखुरतो, हा विषय. लोणावळ्यात धुक्याला काही तोटा नव्हता. तोटा होता तो जर्मन नियतकालिकांच्या जाडजूड खंडांचा, आणि ते होते मुंबईला, विद्यापीठाच्या ग्रंथालयात. मला सुट्टी रविवारी, ग्रंथालयालाही सुट्टी रविवारीच.

हौशीरामभाऊ दर गुरुवारी वांग्यांचे हारे घेऊन मुंबईला जात. बुधवारी ते लोणावळ्याच्या बाजारात आले की वाचून झालेले खंड, नव्या खंडांची यादी आणि माझं सहीचं पत्र मी त्यांच्या हवाली करी. पुस्तकं त्या दिवशी कान्ह्याला त्यांच्या देवघरात मुक्कामाला जात आणि सकाळी गाडीत त्यांच्या मांडीवर बसत. वांगी खाली, बाकाच्या पायाशी. एकदा त्यांनी विषय काय म्हणून विचारलं. मी अर्धा तास समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजी धुक्यात दिवा नीट दिसत न्हाई. यवढ्यासाठी यवढी बुकं?" मी तेव्हा चिडलो होतो. पुढे परीक्षकांनीही मला जवळजवळ हेच विचारलं.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले आणि मला शेवटचा एक खंड हवा होता. त्यातल्या आकड्यांशिवाय माझं चौथं प्रकरण उभंच राहत नव्हतं, आणि चौथं प्रकरण नाही तर पदवी नाही. नेमकं तेव्हाच ग्रंथालयाचं पत्र आलं. आपण परत केलेल्या तीन खंडांत आंबेमोहोर तांदूळ मिळाला, तो आम्ही उंदरांच्या नावावर घातला. नंतर एका खंडात शेंगदाणे मिळाले, तेही उंदरांच्या नावावर घातले. परंतु संक्रांतीनंतर आलेल्या खंडात पृष्ठ दोनशे चाळीस आणि दोनशे एक्केचाळीस यांच्यामध्ये तिळाचा एक चपटा लाडू मिळाला असून लाडू उंदीर वळत नाहीत. येत्या गुरुवारी समक्ष येऊन खुलासा करावा, तोवर नवा खंड मिळणार नाही.

मी मुळात रागीट माणूस. तसाच तडक कान्ह्याला गेलो. हौशीरामभाऊ आणि त्यांची बायको रतनबाई ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मी पत्र वाचून दाखवलं, पण दोघांच्याही चेहऱ्यावर कुठे अपराध म्हणून दिसेना. रतनबाईंनाच उलट माझं नवल वाटलं. शेजारणीनं वाटीतून कालवण धाडलं, तर वाटी मोकळी परत धाडायची का, असं त्यांनी मला विचारलं. मूठभर तांदूळ, गुळाचा खडा, काहीतरी घालूनच धाडायची. मग मुंबईचे साहेब दर आठवड्याला एवढी चांगली बुकं धाडतात, ती मोकळी कशी परत करायची? मी म्हटलं, ते पुस्तक आहे, भांडं नव्हे. त्यावर हौशीरामभाऊ शांतपणे म्हणाले, की दोन्हीतलं आतलं संपल्यावरच परत करायचं असतं.

गुरुवारी रजा टाकून मी त्यांच्याबरोबर मुंबईला निघालो. ग्रंथालयात काहीही न्यायचं नाही, असं निघताना तीनदा बजावलं. त्यांनी तीनदा मान डोलावली.

ग्रंथपाल किडकिडीत होते, आणि त्यांच्या चष्म्याकडे बघूनच माझ्या तोंडचं पाणी पळालं. इंग्रजीत पाठ केलेली माफी दुसऱ्याच वाक्याला अडकली. तेवढ्यात हौशीरामभाऊंनी सदऱ्याच्या आतून आंबेमोहोराची कापडी पिशवी काढली आणि टेबलावर, माझ्या खुलाशाच्या अर्जावरच ठेवली. संपली आपली पदवी, असं मला वाटलं. मला त्यांची फार लाज वाटत होती.

"सायेब, मास्तरांचा काय गुन्हा न्हाई," ते म्हणाले. "तुमी येवडं भरल्यालं दिता, त्ये मोकळं परत आणायचं आमच्यात न्हाई. चूक आसंल तर माजी हाय."

ग्रंथपालांनी पिशवी अर्जावरून बाजूला सरकवली.

"लाडू कुणी केला होता?"

"घरच्यांनी."

"गूळ जरा जास्त झाला होता," ग्रंथपाल म्हणाले, आणि आम्हाला बाहेर बसायला सांगितलं.

तासाभरानं शिपायानं माझा खंड आणून दिला. वर हौशीरामभाऊंची पिशवी घडी घालून ठेवलेली होती. कर्जत मागे पडल्यावर त्यांनी पिशवी उलगडली, तर आत साखरेची पुडी आणि एक चिठ्ठी. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मीच मोठ्यानं वाचली: "पुस्तकात नको. पिशवीत चालेल."

त्यांनी ती माझ्याकडून आणखी एकदा वाचून घेतली आणि चिमूटभर साखर माझ्या हातावर ठेवली. लाज मला अजून वाटत होती, पण आता ती माझी स्वतःची होती.

प्रबंध वेळेत गेला. नेऊन दिला तोही हौशीरामभाऊंनीच. देण्याआधी मी त्याचं पान न् पान झटकून पाहिलं, आत काही नव्हतं. पिशवी मात्र मीच भरून दिली होती.