म आणि ध नसलेली पेटी

बीबी नावाच्या गावाअलीकडे एका खेड्यात एक बाबा राहतात. त्यांना आता काही आठवत नाही, असे त्यांच्या गावात सगळे मानतात. ही समजूत माझ्यामुळे झाली. ती चूक होती, एवढे सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

डोणगावात माझे बाजाच्या पेट्या दुरुस्त करण्याचे दुकान आहे. पंचक्रोशीतल्या भजनी मंडळांच्या पेट्या माझ्याकडेच येतात. भाता उंदीर कुरतडतात, पावसाळ्यात पट्ट्या फुगतात, सूर बसतात. सूर म्हणजे आतली पितळेची पात. हवा लागली की ती बोलते. भाता आत जावो की बाहेर येवो, पट्टी दाबली की तोच सूर आला पाहिजे. या बाबतीत मी कधी कुणाची गय केली नाही.

बाबांची सून एक पिशवी घेऊन आली. पिशवीत आठ कोनांची, दोन्ही हातांत धरून ताणायची लहानशी पेटी होती. मधे भाता, दोन्ही बाजूंना बटणे. बाबांचे मामा मलकापूरला रेल्वेत होते, त्यांना ती एका इंग्रज साहेबाने देश सोडून जाताना दिली. पुढे बाबांनी ती गळ्यात अडकवून गावोगाव भीमगीते गायली. त्या भागात ते आणि ती पेटी वेगवेगळे कुणी पाहिलेच नव्हते.

"काका, हिचा भाता फुटला. वारा जाऊन राह्यला," सून म्हणाली. "जयंतीले बाबाले वाजवाची हाय."

"हे काय हाय?" मी विचारले.

"तुमाले ठाऊक असंन म्हणून तं आणलं."

मला ठाऊक नव्हते. मी म्हणालो, "विलायती पेटी हाय. ठेवून जा."

भाता एका कोपऱ्यात फाटला होता. बकरीचे पातळ कातडे सरसाने चिकटवले. काम झाले. तिथेच मी थांबायला हवे होते. पण वाजवून पाहिले, तर बटण तेच आणि सूर दोन. भाता दाबला की एक, ताणला की दुसरा. एखादे बटण असे निघाले असते तर समजू शकलो असतो. इथे एकही धड नव्हते. इतकी बिघडलेली पेटी मी जन्मात पाहिली नव्हती. बाबा इतकी वर्षे हे कसे सहन करत आले, याचे मला वाईटही वाटले.

मग मी ती नीट केली. ताणताना बोलणाऱ्या पाती एकेक काढल्या. कुणाचे टोक घासून सूर चढवला, कुणाच्या टोकाला कथिलाचा थेंब लावून उतरवला. शेवटी दाबा किंवा ताणा, सूर एकच. सरगम वाजवली, तर पेटीत म आणि ध कुठेच सापडेनात. दोन्ही बाजूंची बटणे चाचपली. नाहीत. इंग्रजांच्या गाण्यात म आणि ध लागत नसतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. पाती घासण्याचे काम मी माझ्या मनाने केले होते, म्हणून ते सुनेला सांगितले नाही.

जयंतीला मीही गेलो. माझे काम ऐकायचे होते. विहारासमोर बाबांनी पेटी गळ्यात घातली, डोळे मिटले आणि सुरू केले. जे निघाले त्याला गाणे म्हणता येणार नाही. बाबा थांबले. बोटांकडे पाहिले. पुन्हा सुरू केले, पुन्हा तेच.

मागे कुणीतरी म्हणाले, "गेलं बे, म्हाताऱ्याच्या डोक्यातून सारं गेलं."

सुनेने येऊन हळूच माइक काढून घेतला. बाबा मला म्हणाले, "पेटी चांगली झाली रे भाऊ. म्याच इसरलो."

मी "हाव" म्हणालो.

त्यानंतर घरच्यांनी त्यांना एकट्याने बाजाराला पाठवणे बंद केले. कपाटाची किल्ली सुनेच्या कमरेला गेली. हे मला येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून कळत होते. मला वाटले, वयच आहे.

दोन पावसाळे गेले. माझी मुलगी पुण्याला असते, ती मोबाइलवर मला वाद्यांचे व्हिडिओ पाठवते. एकात कुणी गोरा म्हातारा तसलीच आठकोनी पेटी वाजवत होता. बोट एका बटणावर होते. दाबले, एक सूर. ताणले, दुसरा. तो काही दुःखी दिसत नव्हता. त्या पेटीचे नाव कॉन्सर्टिना, आणि ती जन्मतःच तशी असते. तिचे म आणि ध ताणताना निघतात. म्हणजे मी घासलेल्या पातींमध्ये ते होते.

कानशी, कथील, सरस घेऊन मी बाबांच्या गावी गेलो. बाबा ओसरीवर बसले होते. सून मेथी निवडत होती. मी उभ्यानेच सगळे सांगितले.

बाबा म्हणाले, "म्हंजे म्या इसरलो नोयतो?"

"नाई."

"तवा काऊन नाई सांगतलं?"

"तवा मले ठाऊक नोयतं."

"पन म आन् ध नोयते, हे तं ठाऊक होतं तुले?"

मी हो म्हणालो.

"आणा पेटी," मी म्हणालो, "होती तशी करून देतो."

बाबांनी आतून पेटी आणली, पण माझ्या हातात दिली नाही. मांडीवर घेऊन वाजवू लागले. या दोन वर्षांत ते तिच्यावर नव्याने शिकले होते. म किंवा ध आला की बोटे थांबत आणि तेवढा सूर बाबा तोंडाने म्हणत. गाणे पूर्ण झाले.

"आता हात नको लावू तिले," बाबा म्हणाले. "तिसऱ्यांदा शिकाले टाइम नाई."

मग ते सुनेकडे वळले. "आयकलं ना? म्या एकटा बाजाराले चाललो."

"आन् चहात दोनदा साखर टाकता, ते?" सून म्हणाली.

"मले गोड लागते."

सुनेने माझ्याकडे पाहिले. मी पेटीपुरता साक्षीदार होतो. पण मान डोलावली. तिने पिशवी दिली आणि वांगी आणायला सांगितली.

बाबा परतेपर्यंत मी ओसरीवर बसून राहिलो. सून मधूनमधून रस्त्याकडे पाहत होती. मीही पाहत होतो. शेवटी बाबा एकटेच आले. पिशवीत भेंडी होती.

कुणी काही विचारायच्या आत बाबा म्हणाले, "वांगे किडके होते."

वांगी किडकी होती, हेही इथे लिहून ठेवतो.